अमरावतीचे दादासाहेब खापर्डे

जिल्ह्याच्या गावातले जुने वकील म्हणजे पिढीजात श्रीमंत घरातली मंडळी, असं म्हटलं जातं. पण याला छेद देणारं गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांचं उदाहरण इथे नोंदवावंसं वाटतं.

जन्म १८५४चा, वऱ्हाडातला. वडील श्रीकृष्ण नरहर गरिबीतून वर आले आणि मामलेदार झाले. म्हणजे घरात जी स्थिरता आली ती एकाच पिढीची, नोकरीतून मिळालेली. मुलाला मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं ते त्या बळावर. १८८४ला एलएलबी, मग काही वर्षं सरकारी नोकरी. ती सोडून त्यांनी १८९०च्या सुमारास अमरावतीत वकिली सुरू केली. मला हे धाडस मोठं वाटतं, कारण त्या काळी सरकारी हुद्दा सहसा कोणी सोडत नसे.

वकिली उत्तम चालली. १८९७ला काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीत भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते.

पण खरी किंमत मोजली ती पुढे. १९०८ला टिळकांना शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलासाठी दादासाहेब विलायतेला गेले आणि थेट १९१०ला परतले. वकिलाची कमाई म्हणजे रोजची हजेरी. दोन वर्षं कोर्टात उभंच राहिलं नाही तर अशील दुसरीकडे जाणारच. इतका काळ घर सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल फार कमी लिहिलं जातं, याचं वाईट वाटतं.

दादासाहेब रोजनिशी नेमाने लिहीत. शिर्डीच्या मुक्कामातल्या नोंदी तर छापूनही आल्या आहेत. जरूर वाचा.