मदत हवी आहे: रोझरी करताना दुसऱ्या रहस्यातच मन भरकटतं

पहाटतारा:
जय ख्रिस्त मंडळी. रोज पहाटे साडेपाचला एकट्याने पाच रहस्यांची रोझरी (मण्यांच्या माळेवरची कॅथलिक प्रार्थना; रहस्य म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग, त्यावर मनन करत दहा मणी) आणि नंतर थोडा वेळ स्वतःच्या शब्दांत प्रार्थना, असा नेम आहे. पहिलं रहस्य नीट जातं. दुसऱ्याच्या चौथ्या-पाचव्या मण्याला डबा, लोकलची वेळ, काल कोण काय बोललं ते सुरू होतं. भानावर येईपर्यंत बोटं दहा मण्यांनंतरच्या मोठ्या मण्याला टेकलेली असतात. लक्ष नसताना म्हटलेले मणी पुन्हा म्हणायचे का? मन रहस्यावर ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना दोन मिनिटांत आटपते, पुढे काय बोलावं सुचत नाही. त्यावरही सांगा.

मणीमाळ:
आधी पहिला प्रश्न, कारण तिथेच बरेच जण अडकतात. मणी पुन्हा म्हणू नका. एकदा मागे गेलात की मन प्रार्थनेवरून उठून स्वतःच्या हजेरीपटावर बसतं: हा मणी धरला गेला की नाही, तो झाला की नाही. लक्षात आलं त्या मण्यापासून पुढे चला. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रार्थनेतल्या लक्षाचे तीन प्रकार सांगितले: शब्दांकडे, अर्थाकडे आणि ज्याच्याशी बोलतो त्या देवाकडे. तिसरं सगळ्यांत गरजेचं, आणि ते अडाणी माणसालाही जमतं, असं त्यांचं म्हणणं. देवाकडे तोंड करून बसला आहात आणि जाणूनबुजून पाठ फिरवलेली नाही, तर नकळत भरकटल्याने प्रार्थना वाया जात नाही.

आता वेग बघा. दर छोट्या मण्याला म्हणायची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना शांतपणे म्हणायला साधारण १५ सेकंद लागतात. माळेवर असे ५३ मणी, शिवाय ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ सहा वेळा. म्हणजे एकट्याची रोझरी वीस मिनिटांच्या आसपास जायला हवी. बारा मिनिटांत संपत असेल तर जीभ पुढे पळते आहे, आणि जिभेला मनाची गरज उरली नाही की मन मोकाट सुटतं. वेळ खरंच कमी असेल तर दोनच रहस्यं करा, पण सावकाश.

‘रहस्यावर मन ठेवा’ ही सूचना फार मोघम आहे. त्या प्रसंगाचे दहा तुकडे करा, दर मण्याला एक. मंगळवार-शुक्रवारचं पहिलं दुःखाचं रहस्य घ्या, गेथशेमाने बाग, जिथे अटकेच्या रात्री येशूने प्रार्थना केली. भोजन आटपून जैतुनांच्या डोंगराकडे निघणं. किद्रोन ओहोळ ओलांडणं. पेत्र, याकोब, योहान एवढ्यांनाच पुढे नेणं. धोंड्याच्या टप्प्याइतकं दूर जाणं. भूमीवर पडणं. दुःखाचा प्याला टळावा ही विनंती. परत येऊन पाहतो तो शिष्य झोपलेले. पुन्हा जाऊन तेच शब्द. स्वर्गातून आलेला दूत. ‘उठा, आपण जाऊ.’ आठव्या मण्यापाशी जरा थांबा: प्रभूने त्या रात्री तेच शब्द पुन्हा उच्चारले असं मत्तय लिहितो. एकच प्रार्थना परत परत म्हणणं पोकळ वाटायला लागलं की हे ओळखीचं ठिकाण आहे.

दहा तुकडे पाठ होईपर्यंत कागदावर लिहून समोर ठेवायला हरकत नाही. तेही जड जात असेल तर ‘तुझ्या उदराचे फळ येशू’ याला जोडून त्या रहस्याचं छोटं वाक्य म्हणा: ‘येशू, ज्याने आमच्यासाठी रक्ताचा घाम गाळला’. ही पद्धत काही देशांत जुनी आहे, आणि प्रकाशाची रहस्यं (येशूच्या सार्वजनिक जीवनातले प्रसंग) सुचवली त्या २००२ च्या पत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिचं कौतुक केलं आहे. घाईत नेमकं येशूचं नावच गिळलं जातं. वाक्य जोडलं की तिथे थांबावंच लागतं.

नगरवाट:
आमच्या मंडळीत माळ नसते, त्यामुळे फक्त शेवटच्या प्रश्नावर. दोन मिनिटांत संपते कारण ‘सगळ्यांना सांभाळ’ म्हटलं की सगळेच उरकले जातात. क्रम धरा: स्तुती, पापांची कबुली, उपकारस्तुती, मग मध्यस्थी. मध्यस्थीची नावं वारांवर वाटा, दिवसाला चार-पाचच, आणि प्रत्येकासाठी एकच नेमकी विनंती. ओठ हलवून, कानाला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोला. मनातल्या मनात वाक्यं अर्धवट सुटतात.

शेजारी कागद-पेन्सिल ठेवा. ‘गॅसचा नंबर लावणे’ आठवलं की दोन शब्द लिहा आणि परत या. न लिहिता सोडलं तर विसरण्याच्या धास्तीने मन ते धरून बसतं. वही म्हणून फोन मात्र नको; पवित्र शास्त्रही छापील घ्या. आणि तोच विचार तिसऱ्यांदा आला, विशेषतः कुणाच्या बोलण्याचा सल, तर त्याला हाकलू नका. आज त्याच्याबद्दलच देवाशी बोलायचं आहे.

शांतघडी:
बसण्याआधीचा अर्धा मिनिट फार जण सोडून देतात. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नाशियस सांगतात की प्रार्थनेच्या जागेच्या एक-दोन पावलं अलीकडे, एक ‘बापा’ म्हणायला लागतो तेवढा वेळ उभं राहावं आणि देव आपल्याकडे पाहतो आहे हे आठवावं. अंथरुणातून थेट माळेवर आलात तर ती वीस मिनिटं मन आवरण्यातच जातात. त्यांचीच दुसरी सूचना: प्रार्थना रुक्ष जात असेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा थोडी जास्तच करावी, आखडती घेऊ नये. वीसची बावीस मिनिटं पुरेत. झोप येणं वेगळं. तेव्हा उभे राहा किंवा चालत करा.

एक काळजीची गोष्ट. मणी ‘बरोबर’ झाला नाही म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावासा वाटत असेल, न म्हटल्यास जीव घाबरा होत असेल, किंवा प्रार्थनेत नको ते घाणेरडे विचार घुसत असतील, तर हा आळस नाही आणि पापही नाही. फादरांशी बोला, पण मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा. हा त्रास उपचाराने कमी होतो.

पहाटतारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा म्हणायची सवय उद्यापासून बंद. अजून एक विचारते: ऑक्टोबरात घरी सगळे मिळून रोझरी करतो, तिथे तर पहिल्या रहस्यातच गोंधळ होतो.

मणीमाळ:
ताई, तिथे बहुतेक वेळा सांगणाऱ्याची, म्हणजे प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणणाऱ्याची घाई नडते. बाकीचे ‘मरणाच्या वेळी’ पर्यंत पोचलेले असतात आणि तो पुढचं ‘नमो मरिया’ सुरू करतो. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले की कुणालाच शब्द ऐकू येत नाहीत. सगळ्यांचं ‘आमेन’ पूर्ण होऊ द्या, एक श्वास घ्या, मग पुढचा मणी. रहस्याचं नाव घेतल्यावर शुभवर्तमानातल्या दोन ओळी मुलांपैकी कुणाला तरी वाचायला द्या आणि दहा सेकंद गप्प राहा. दर रहस्याला सांगणारा बदला. आपली पाळी येणार म्हटलं की लहानही कान देऊन बसतात. टीव्हीचा आवाज नुसता कमी करू नका, बटणावरून बंद करा.