चष्मे कोनाड्यात पडतात, पण का?

काही जण म्हणतात की डोळ्यांच्या शिबिरातले फुकटचे चष्मे लोक कोनाड्यात टाकून देतात. खरंय, आमच्याच घरात एक पडलाय. पण तो का पडला ते ऐका. आमच्या गावात (परभणी जिल्हा) एका शिबिरात डोळे न तपासताच पोत्यातून काढून सरसकट सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा दिला होता. डोकं दुखायला लागल्यावर कोण घालील?

दुसऱ्या वेळी तपासून दिले. माझी चुलती वाकळा शिवते. चाळिशी उलटल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येईना. नातू शाळेत जायच्या आधी पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायचा. त्या संपल्या की दुपारनंतर काम बंद. नंबर निघाला साधा प्लस दोन. चष्मा लावून पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं बाई, ज्वारीत एवढे खडे असतेत व्हय! आन् तुमी गुमान खात होता?"

आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांवर याचा रीतसर अभ्यास झालाय, 2018 साली छापून आलाय. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. आपल्याकडं कापूस वेचणाऱ्या बायांचं कुणी मोजलं का?

मोतीबिंदू मात्र चष्म्यानं जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं. त्यासाठी आमच्याकडचे लोक जालन्याच्या गणपती नेत्रालयात जातात. घरच्या म्हाताऱ्यांना सुगी संपायची वाट न बघता आधी दाखवून आणा.