अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या केअर सेंटरसाठी सरकारकडून काही मिळतं का?

कृष्णाकाठचा:
नमस्कार मंडळी. वडील ७४ वर्षांचे, एसटीत मेकॅनिक होते, ईपीएस-९५ ची (पीएफवाली) पेन्शन तीन हजाराच्या आतच. दिवाळीनंतर पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्याचा खर्च ७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान कार्डात बसला, त्याबद्दल तक्रार नाही. पण डिस्चार्ज मिळाला आणि तिथून पुढचं सगळं आमच्या खिशातून. नाकात नळी, लघवीची पिशवी, दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर. आईचे गुडघे गेलेत, तिला वडील हलत नाहीत. ब्युरोवाले मावशीचे १२ तासांचे १८ हजार सांगतात, वर म्हणतात पुरुष पेशंट आहे तर ब्रदरच घ्या, त्याचे अजून जास्त. साताऱ्यात वृद्धाश्रमांना फोन केले तर पहिला प्रश्न "स्वतःचं स्वतः करतात का", नाही म्हटलं की विषय संपला. पुण्यातलं एक केअर सेंटर घेतंय पण महिना ३२ हजार, डायपर-औषधं वेगळी, आणि माझा पगार ३८. मेडिक्लेमवाल्यांनी पण हात वर केले. तर विचारायचं हे की अशा माणसासाठी दरमहा काही सरकारी मदत असते का, आणि नसेल तर का नाही?

निवृत्त_अव्वल_कारकून:
तहसीलला संजय गांधी शाखेत (निराधार आणि वृद्धांच्या पेन्शन योजना बघतात ती) बरीच वर्षं काढली म्हणून स्पष्टच सांगतो, नाही. राज्याच्या श्रावणबाळ पेन्शनमध्ये ६५ नंतर महिना १,५०० मिळतात, पण उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तेही कुटुंबाचं उत्पन्न, त्यामुळे तुमचा पगार दिसला की अर्ज बाद. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा अजून २०० रुपये आहे, ८० नंतर ५००. ते २०० सुद्धा २००६-०७ पासूनचे. मुख्यमंत्री वयोश्रीतून ३,००० मिळतात, एकदाच, काठी-चष्मा-कमोड खुर्चीसाठी. बाय द वे, ६५ पर्यंत लाडकी बहीण आणि ६५ नंतर श्रावणबाळ, दोन्हीकडे पंधराशेच. चालत्या माणसाला आणि पडून असलेल्या माणसाला २०२५ पर्यंत एकच दर होता, आता दिव्यांग लाभार्थ्याला २,५०० केलेत.

मेडिक्लेमचं विचाराल तर विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरलेल्या एक्सक्ल्यूजनमध्येच (काय कव्हर होत नाही त्या यादीत) ते लिहिलेलं आहे: अंघोळ, कपडे, हालचाल यासाठी लागणारी मदत, घरी असो की सेंटरमध्ये, कव्हर नाही. त्यामुळे कंपनी बदलून फायदा नाही.

सह्याद्रीपुत्र:
राग मानू नका पण आईवडिलांना सांभाळायचं काम मुलांचं आहे, सरकारचं नाही. उद्या म्हणाल पोरांना शाळेत पण सरकारनेच सोडावं. आपल्याकडे वृद्धाश्रम वाढले हेच दुर्दैव.

मनीषा_कोथरूड:
@सह्याद्रीपुत्र मुलांचं काम म्हणता, करतं कोण? सासूबाईंना डिमेन्शिया झाला तेव्हा नोकरी माझी सुटली, नवऱ्याची नाही, आणि दिरांनी दर रविवारी फोनवर "काळजी घ्या हं" एवढं केलं. माझा पगार गेला, पीएफ थांबला, आता माझ्या म्हातारपणाचं काय ते कोणी विचारत नाही. म्हणजे खर्च होतोच, फक्त तो घरातल्या एका बाईच्या नावावर टाकला की बजेटमध्ये दिसत नाही. आणि त्यांनी वडिलांना टाकून द्यायचंय असं कुठे लिहिलंय? ३८ पगारात ३२ कसे भरू एवढंच विचारलंय.

धागाकर्ते, इन्कम टॅक्स लागत असेल आणि जुन्या रेजीममध्ये असाल तर ८०डीडीबी (ठरावीक आजारांच्या खर्चावरची वजावट) बघून घ्या, त्यात न्यूरोचे काही आजार आहेत पण ४० टक्के अपंगत्व आणि तज्ज्ञ डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं. तुमच्या पगारात फार काही हाती लागणार नाही, तरी.

नेकारकाठी:
मी श्टुटगार्टला असतो. इथे १९९५ पासून केअरचा वेगळा विमा सक्तीचा आहे, पगारातून ३.६ टक्के कापतात, मूल नसेल तर ४.२. मूळ हप्त्यातला अर्धा मालक भरतो. माणसाला काय-काय जमत नाही ते घरी येऊन तपासतात आणि १ ते ५ ग्रेड देतात, तुमच्याकडे पैसे किती ते तेव्हा विचारतच नाहीत. घरच्यांनी सांभाळलं तर ग्रेड ३ ला महिना ५९९ युरो रोख. पण इकडे सगळं गोडगोड आहे असं समजू नका, होममध्ये ठेवलं तर पहिल्या वर्षी पेशंटला स्वतःचे महिना तीन हजार युरोच्या आसपास भरावे लागतात आणि त्यावरून कायम बोंब चालू असते. पेशंटची पुंजी संपली की सोशल ऑफिस भरतं, मुलांकडे २०२० पासून तेव्हाच येतात जेव्हा मुलाचं वर्षाचं उत्पन्न एक लाख युरोच्या वर असेल.

सिस्टर_सांगली:
जर्मनीचं राहू द्या, केरळ बघा. २००८ मध्ये त्यांनी पॅलिएटिव्ह केअरचं (बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करायची सेवा) धोरण आणलं आणि काम ग्रामपंचायतीकडे दिलं. पंचायतीच्या पैशातून नर्स घरी येते, कॅथेटर बदलते, जखमा बघते, घरच्यांना शिकवते. ३२ हजारांच्या सेंटरमध्ये जे चालतं त्यातला निम्मा भाग हाच असतो हो, बाकी उचलायला माणूस. माझं मत विचाराल तर पैसा इमारतीला देऊ नये, माणसाच्या अवस्थेला द्यावा, मग घरी ठेवा नाहीतर सेंटरला. गरिबीचा दाखला आधी आणि आजार नंतर बघायचा ही पद्धतच उलटी आहे. तुमच्यासारखे मधले लोक तिथेच गळतात.

सध्या एवढं करा: सिव्हिलमध्ये ज्येष्ठांसाठी आणि पॅलिएटिव्हची ओपीडी आहे का चौकशी करा, एअर मॅट्रेस आधी घ्या, बेडसोअर झाला की खर्च दुप्पट होतो. नळीतून भरवताना डोकं वर ठेवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे आईंना नीट दाखवून ठेवा.

कृष्णाकाठचा:
सगळ्यांचे आभार. एअर मॅट्रेस आजच भाड्याने आणतोय. एक मित्र म्हणाला आईवडील-ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात सरकारी वृद्धाश्रम आहे म्हणून, खरं का?

निवृत्त_अव्वल_कारकून:
कलम १९. जिल्ह्यात किमान एक, किमान १५० जणांचा, पण तो निर्धनांसाठी, आणि सरकारवर सक्ती नाही, टप्प्याटप्प्याने काढता येईल असं आहे. त्याच कायद्यात मुलांकडून १० हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मात्र प्रांतसाहेब लगेच लावू शकतात. तरी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: जिल्ह्यात अनुदानित वृद्धाश्रम किती, दर माणशी अनुदान किती, आणि अंथरुणावरचे पेशंट त्यातले कोण घेतात. तिसरा प्रश्न नक्की विचारा, पहिल्या दोनाची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात. मसुदा हवा असेल तर व्यनि करा.