आच्छादनात ६ हा मापांक का चालला नाही?

प्रश्न (डिचोली)
नमस्कार. गणित विषय घेतलेल्या काही मुलांबरोबर मी सध्या आच्छादक संहती वाचते आहे, म्हणजे प्रत्येक पूर्णांक ज्यांतल्या किमान एका अटीत बसतोच अशा मोजक्या शेष-अटींचा संच. २ ने भागून बाकी ०, ३ ने ०, ४ ने १, ६ ने ५ आणि १२ ने ७, या पाच अटी घेऊन मुलांनी फळ्यावर ० ते ११ लिहिले, एकेक खोडत गेली आणि एकही संख्या उरली नाही. मात्र मूळ संख्या अधिक २ चा घात या रूपात न बसणाऱ्या विषम संख्यांची अख्खी अंकगणिती श्रेढी दाखवताना गणितज्ञ पॉल एर्डोश यांनी १९५० साली २, ३, ४, ८, १२ आणि २४ असे मापांक (म्हणजे अटींतले भाजक) घेतले. १२ वर काम भागत असताना २४ पर्यंत का जावे लागले?

उत्तर (मडगाव)
बाई, मुलांची तपासणी बिनचूक आहे. अडचण आच्छादनात नसून मूळ संख्या पुरण्यात आहे. इथे अटी २ च्या घातांकांवर आहेत: घातांक ज्या अटीत बसेल तिच्या मूळ संख्येने 'आपली संख्या उणे २ चा तो घात' या वजाबाकीला भाग जावा, अशी आपली संख्या निवडायची असते. प्रत्येक मापांकासाठी अशी एक स्वतंत्र मूळ संख्या लागते की तिने २ चे घात भागले असता बाक्या नेमक्या तितक्याच पायऱ्यांनी फिरून याव्यात. २ साठी ३, ३ साठी ७, ४ साठी ५ मिळते. ६ साठीची संख्या २ चा सहावा घात उणे १, म्हणजे ६३ ची विभाजक असायला हवी. पण ६३ म्हणजे ३ × ३ × ७, आणि ३ व ७ आधीच खर्ची पडल्या आहेत. १ वगळता असा अपवाद एकट्या ६ चाच, हे गणितज्ञ बँग यांनी १८८६ मध्येच सिद्ध केले होते.

६ ची अट काढली की १२ ने भागून ११ उरणारे घातांक तेवढे उघडे पडतात. त्यांचे २४ ने भागून ११ आणि २३ असे दोन गट होतात. पहिला ८ ने भागून ३ या अटीत जातो, तिथे १७ कामी येते. दुसऱ्यासाठी २४ चा मापांक आणि २४१ ही मूळ संख्या. १२ साठी १३ आहेच. ही मांडणी मला फार देखणी वाटते, कारण तिच्यात एकही अट वायफळ नाही.

उत्तर (काणकोण)
वरील उत्तरात एक भर घालणे आवश्यक आहे. वजाबाकीला ३ ने भाग जातो एवढ्यावरून ती संयुक्त ठरत नाही, कारण ती स्वतःच ३ असू शकेल. म्हणून आपली संख्या विषम असावी आणि तिला ३१ ने भागल्यावर बाकी ३ उरावी, अशीही अट घालावी. २ च्या घातांच्या ३१ ने भागून बाक्या १, २, ४, ८, १६ एवढ्याच असतात. त्या ३, ५, ७, १३, १७ आणि २४१ यांत मिळवून पाहिल्यास ३ ही बाकी कुठेच येत नाही. मुलांना या तीस बेरजा हाताने करू द्याव्यात. चिनी शेषप्रमेयाने सर्व अटी एकत्र केल्या की श्रेढीचा सामान्य फरक ३४,६७,२९,११० येतो.