मदत हवी आहे: कळा सुरू आहेत, पण दवाखान्यातून घरी पाठवलं. परत कधी जायचं?

लेक_मोहोळची (रात्री ८:४०)
पहिलटकरीण आहे, बाळंतपणाला माहेरी आलेय. दुपारपासून कळा येताहेत. दवाखान्यात तपासलं आणि "दोनच सेंटीमीटर उघडलंय, घरी जा, कळा वाढल्या की या" म्हणून परत पाठवलं. वाढल्या म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही. आई म्हणते थांब, आत्या म्हणते आत्ताच निघ. लवकर सांगा प्लीज.

सातरस्ता
कितवा आठवडा? पाणमोट फुटलीय का? बाळ फिरतंय का? दवाखाना किती लांब? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार, ताई?

जुनी_वाट
कोमट दुधात दोन चमचे एरंडेल घ्या. तासाभरात कळा जोर धरतील. आपल्याकडच्या सुइणी हेच द्यायच्या.

प्रसूतिकक्ष
एरंडेल अजिबात घेऊ नका. त्याने आधी जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं आणि पोरगी ऐन वेळी गळून जाते. कळा आल्याच तर कधीकधी इतक्या लागोपाठ येतात की बाळाला मध्ये उसंत मिळत नाही.

लेक_मोहोळची
३९ आठवडे झालेत. बाळ फिरतंय. सकाळी चिकट काहीतरी गेलं, त्यात रक्ताची रेघ होती. पाणी नाही गेलं. घर मोहोळात, दवाखाना सोलापुरात.

प्रसूतिकक्ष
मोहोळ आहे हे आधीच सांगायचं ना. आता नीट वाचा.

चिकट स्राव म्हणजे पिशवीच्या तोंडावरचा बुच निघाला. त्यानंतर काही तासही लागतात, एखाद-दोन दिवसही. दोन सेंटीमीटरला घरी पाठवणं चूक नाही. पहिल्या खेपेला पिशवीचं तोंड आधी पातळ होतं, मग उघडतं, आणि या सुरुवातीच्या टप्प्यात बराच वेळ जातो. साधारण पाच सेंटीमीटरनंतर खरा वेग येतो. तिथून पूर्ण दहा व्हायला पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात आणि त्यापुढे जोर लावण्यात तीन तासांपर्यंत.

पण कधी यायचं हे न सांगता पाठवणं मात्र चूकच. तर कळा मोजा. एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मिनिटं धरायची, संपल्यापासून नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. हात पोटावर वरच्या बाजूला ठेवा. खऱ्या कळेत पोट कपाळासारखं टणक लागतं आणि बोट दाबलं तरी आत जात नाही. चालून किंवा पडून राहून कळा विरल्या तर त्या खोट्या. कमरेतून पुढे येणाऱ्या आणि दर तासाला वाढत जाणाऱ्या खऱ्या. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभराची, असं तासभर चाललं की निघायचं. हा हिशोब शहरातल्यांसाठी. मोहोळहून यायचंय, तेव्हा तुम्ही सात-आठ मिनिटांवर आल्या की निघा.

तोपर्यंत ताक, पेज, खजूर असं हलकं खात राहा. दर दोन तासांनी लघवीला जा, मूत्राशय भरलेलं असलं की बाळाचं डोकं खाली सरकायला अडतं. आणि कितीही वाटलं तरी आत्ता जोर लावायचा नाही. तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर लावला तर ते सुजतं आणि पुढचं सगळं लांबतं.

होटगी_रोड
एपिड्युरलचं, म्हणजे वेदना कमी करायला कमरेत देतात त्या सुईचं, आधीच सांगून ठेवा, इतक्या वेदना सोसायची गरज नाही.

जुनी_वाट
कमरेत सुई म्हणजे जन्माची कंबरदुखी. शिवाय सिझर होतंच मग.

होटगी_रोड
दोन्ही खोटं. एपिड्युरलने सिझरचं प्रमाण वाढत नाही आणि कायमची कंबरदुखीही मागे लागत नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो, हे खरं. प्लेटलेट फार कमी असतील तर देत नाहीत, म्हणून रिपोर्ट सोबत न्या.

कागदपत्र_मित्र
पहिलं अपत्य आहे ना? मातृवंदना योजनेत ५००० रुपये मिळतात. बँक खातं आईच्याच नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर फी लागत नाही.

सातरस्ता
अहो, पोरीला कळा येताहेत, खातं काय जोडता! ताई, रक्तगट कोणता?

लेक_मोहोळची
ओ निगेटिव्ह. पण फाईल पुण्यातच राहिली, नाव तिकडे नोंदवलेलं होतं. इथे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यांचा बी पॉझिटिव्ह.

सातरस्ता
हे सगळ्यात आधी सांगायचं असतं! फाईलचे फोटो यांच्याकडून मागवा. निगेटिव्ह रक्त चटकन मिळत नाही, दवाखान्याला आधी कळलं तर ते सोय करून ठेवतात. जन्मानंतर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासायला सांगा. पॉझिटिव्ह निघाला तर तुम्हाला ७२ तासांच्या आत अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागतं. सातव्या महिन्यात ते घेतलं असलं तरी पुन्हा लागतं. नाही दिलं तर पुढच्या बाळाला त्रास.

शेंगाचटणी
डिंकाचे लाडू करून ठेवलेत का? पण या उन्हाळ्यात ते जड पडतात बघा, अळिवाची खीर बरी.

जुनी_वाट
लाडू हवेतच. आणि बाळाला पहिल्यांदा मध चाटवा.

प्रसूतिकक्ष
मध नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. पहिल्या तासात आईचा चीक, बाकी काही नाही.

लेक_मोहोळची (रात्री ११:२५)
कळा आता सहा-सात मिनिटांवर. आत्ता उठले तर गाऊन ओला झाला. पाणी किंचित हिरवट दिसतंय. बाळ फिरतंय तर अंघोळ करून निघाले तर चालेल ना?

प्रसूतिकक्ष
नाही! आत्ता, याच क्षणी निघा. हिरवट पाणी म्हणजे बाळाने आत शी केलीय. लगेच सिझर असं नव्हे, पण बाळाचे ठोके सतत बघावे लागतात आणि ते घरी होत नाही. स्वच्छ पॅड लावा, आत कापड घालू नका, ओला गाऊन दाखवायला पिशवीत घ्या. पाणी गेल्याची वेळ लिहून ठेवा. आता काही खाऊ नका, शेवटचं कधी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा. गाडी नसेल तर १०८, लागला नाही तर १०२. गाडीत उताणं झोपायचं नाही, डाव्या कुशीवर. आणि वाटेतूनच दवाखान्यात फोन करून दोन गोष्टी सांगा: पाणी हिरवट, गट ओ निगेटिव्ह.

लेक_मोहोळची
निघालो. भावाने गाडी काढलीय, फोन आई लावतेय.

कागदपत्र_मित्र
आधार कार्ड घेतलं का?