सगळी यादी कॅपिटलमध्ये टाईप झाली, काय करू?

रावेरहून: केळी गटातल्या 212 शेतकऱ्यांची नावं एक्सेलमध्ये इंग्रजीत टाकली. कॅप्स लॉक चालूच राहिलं. बँकेला फक्त पहिलं अक्षर मोठं हवंय. ऑनलाइन टूलमध्ये पेस्ट करू का? शेजारी आधार नंबर आहेत.

भुसावळहून: आधार कुठल्याच साइटवर टाकू नका भो! रिकाम्या रकान्यात बरोबरचं चिन्ह, प्रॉपर, कंसात ए2 (पहिलं नाव असलेला चौकोन) असं इंग्रजीत लिहा, खाली ओढा. मग कॉपी करून व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा.

रावेरहून: झालं भाऊ, दोन मिनिटांत! पण पत्त्यातल्या एमआयडीसीचा नुसता एम मोठा राहिला.

धुळ्याहून: प्रॉपरला आद्याक्षरं कळत नाहीत. मॅच केस (लहान-मोठं अक्षर जुळवून शोधणं) टिक करून फाइंड-रिप्लेसनं तो शब्द पूर्ण कॅपिटलमध्ये बदला. वर्डमध्ये शिफ्ट एफ3 दाबलं तरी अक्षरं लहान-मोठी होतात.