निकोटीनमुळे उंदराचं लक्ष वाढतं की घाई?

घोडबंदर_३
ठाण्यातल्या अभ्यासिकांच्या गटांत एक सल्ला फिरतोय: परीक्षेआधी निकोटीनचा गम चघळा, लक्ष लागतं, 'उंदरांवर सिद्ध झालंय'. हा दावा चुकीचा आहे, कारण तो चाचणीतला अर्धाच आकडा वाचतो.

चाचणी अशी: पिंजऱ्याच्या भिंतीत पाच भोकं. उंदराचं वजन मोकळ्या खाण्याच्या ८५ टक्क्यांवर आणतात. त्याने ५ सेकंद थांबायचं, मग एका भोकात अर्धा सेकंद दिवा लागतो. तिथे नाक घातलं की ४५ मिलिग्रॅमची खाऊची गोळी, चुकलं तर ५ सेकंद अंधार. सत्रात १०० फेऱ्या. निकोटीन दिल्यावर प्रतिसाद लवकर येतो हे खरं, पण दिवा लागायच्या आधीच नाक खुपसणंही वाढतं. याला एकाग्रता कशी म्हणायची?

नेरूळ_फार्मा
गमबद्दल सहमत, उंदरांबद्दल नाही. अचूकता काढताना बरोबर उत्तरांना बरोबर अधिक चूक यांनी भागतात. घाईचे प्रतिसाद त्यात धरतच नाहीत, त्यामुळे ती वाढली तर फक्त घाईने वाढली असं म्हणता येत नाही. मिर्झा आणि स्टोलरमन या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की सुधारणा ठरावीक अटींतच दिसते. उंदीर आधीच ९० टक्के बरोबर असेल तर वाढायला जागाच कुठे? दिवा पाव सेकंदावर आणा, मग बघा. शिवाय अल्फा-४ बीटा-२ ग्राही (मेंदूतल्या पेशींवर निकोटीन चिकटतं त्या जागांचा एक प्रकार) रोखणारं डायहायड्रो-बीटा-एरिथ्रॉइडीन दिलं की फायदा पुसला जातो, अल्फा-७ हा दुसरा प्रकार रोखणाऱ्या एमएलए या द्रव्याने जात नाही. म्हणजे काम अल्फा-४ बीटा-२ ग्राहींमार्फत होतंय. निव्वळ चुळबुळीची ही खूण नव्हे.

कळवा_खाडी
दोघांच्याही वादात डोसच सुटलाय, आणि बहुतेक गडबड तिथेच होते. निकोटीन टोचताना वापरतात त्या टार्ट्रेट क्षारात (टार्टरिक आम्लाशी जोडलेलं निकोटीन) वजनाने सुमारे एक तृतीयांशच निकोटीन असतं. शुद्ध निकोटीन ०.१ मिग्रॅ प्रति किलो हवं असेल तर क्षार साधारण ०.३ मिग्रॅ तोलावा लागतो. शोधनिबंधात डोस 'बेस' (शुद्ध निकोटीन) की 'क्षार' म्हणून लिहिलाय ते न बघता केलेली तुलना टाकाऊ. क्षाराचं द्रावण आम्लधर्मी असतं, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ च्या आसपास आणलं नाही तर कातडीखाली जळजळ होते आणि उंदीर दुखण्यामुळे फेऱ्या सोडतो.

पहिल्या काही टोचण्यांत जनावर मंदावतं. म्हणून खरी चाचणी सुरू करण्याआधी काही दिवस सवयीचे डोस द्यावेत. भूकही कमी होते, तेव्हा गोळी उचलायला लागणारा वेळ वेगळा मोजलाच पाहिजे. आणि आपल्याकडे सर्रास वापरतात तो विस्टार जातीचा पांढरा उंदीर, त्याची नजर अधू. दिव्याच्या चाचणीला लिस्टर हूडेड किंवा लाँग-इव्हान्स या जाती बऱ्या.

घोडबंदर_३
अचूकतेचं सूत्र पटलं, तेवढा मुद्दा मागे घेतो. पण मग रोजच्या निकोटीनचं काय? कातडीखालच्या पंपातून दिवसाला ३.१६ मिग्रॅ प्रति किलो, आठवडाभर. पंप काढला की हुकलेल्या फेऱ्या वाढतात, प्रतिसाद रेंगाळतो. गम वाटणाऱ्यांना हा भाग कोणी दाखवत नाही.

नेरूळ_फार्मा
तो भाग खराच. पण त्यातून एकेका डोसाचा परिणाम खोटा ठरत नाही. दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवा, आणि घाईचा आकडा दोन्हींत छापा. सरासरीत दडवलेली घाई मलाही मान्य नाही.

कळवा_खाडी
आणि प्रत्येक उंदराचा मूळ आकडाही. कमी अचूक उंदरांत फायदा जास्त दिसतो. त्यांना हुशारांत मिसळलं की दोघांचंही चित्र बिघडतं.